चाकांवरचं घर बोरीवलीत येतं तेव्हा

समजा रविवारची सकाळ आहे. तुम्ही अजून अंथरुणात लोळताय. एवढ्यात खालून वॉचमनकाकांची हाक येते, ‘अहो, तुमच्याकडचे पाहुणे आलेत. पण घर घेऊन आलेत!’

घर घेऊन? सामान घेऊन म्हणायचं असेल! तुम्ही गॅलरीतून डोकावता, तर खरंच की हो! सोसायटीच्या दाराशी एक लांबलचक पांढरी गाडी उभी आहे. तिला खिडक्या आहेत, खिडक्यांना पडदे आहेत, आणि एका खिडकीतून तुमची मामेबहीण हात हलवतेय. बडोद्याचे मामा-मामी चाकांवरचं घर घेऊन फिरायला निघालेत आणि जाता जाता तुमच्याकडे थांबलेत.

अशा गाडीला आपल्याकडे कॅराव्हॅन म्हणतात. अमेरिकेत तिचं नाव आर. व्ही. तिकडे लोक सुट्टी लागली की तिच्यात बसून महिना महिना हिंडतात. वाटेत एखादं छोटं शहर लागलं की गाडी उभी करायची, एक दिवस ते गाव पाहायचं, रात्री आपल्याच अंथरुणात झोपायचं आणि सकाळी पुढे निघायचं. हॉटेल नको, की ‘खोली मिळेल का हो?’ विचारत फिरणं नको. आपल्याकडे हा प्रकार तसा नवा. महाराष्ट्र सरकारने २०२१ मध्ये कॅराव्हॅन पर्यटनाचं धोरण आणलं, तेव्हापासून त्याची जरा जास्त चर्चा सुरू झाली. प्रकार नवा असला तरी कल्पना जुनीच आहे, बरं का! कॅराव्हॅन हा शब्द मुळात फारसीतला, कारवान. म्हणजे उंट-घोड्यांवर माल लादून चाललेल्या व्यापाऱ्यांचा काफिला. आपल्याकडे लमाणांचे तांडे बैलांच्या पाठीवर धान्य आणि मीठ घेऊन असेच मुलाबाळांसकट देशभर फिरत.

तर मामाच्या घरात तुम्ही धावत शिरता. काय नाही तिथे! उलगडलं की पलंग होणारं बाकडं, इवलासा ओटा, त्यावर शेगडी, पाण्याची टाकी, सांडपाण्याची वेगळी टाकी, आणि उन्हाच्या वेळी दाराबाहेर ओढायचं कापडी छप्पर. मामी बडोद्याचा लिलो चिवडा काढते. सगळ्यांचे बकाणे भरलेले असताना मामा नेमका तो प्रश्न विचारतो.

‘आमच्याकडे एकच दिवस आहे. बोला, तुमच्या बोरीवलीत बघण्यासारखं काय आहे?’

आता आली का पंचाईत! तुम्ही म्हणणार, ‘इथे? इथे काय असणार? तू गेट वेला जा, राणीच्या बागेत जा.’ आई म्हणणार, ‘नॅशनल पार्क आहे ना.’ बाबा म्हणणार, ‘आणि तो पॅगोडा.’ की संपली यादी.

तुम्हाला हसत नाहीये मी. माझं बालपण बोरीवलीतच गेलं. पाहुणे आले की आम्ही त्यांना घेऊन थेट स्टेशन गाठायचो आणि चर्चगेटची लोकल पकडायचो. आमचं गाव म्हणजे झोपायला परत यायची जागा, असाच आमचा समज होता. अर्धं आयुष्य गेल्यावर मला कळलं, की शाळेच्या वाटेवर ज्या फाट्यावरून आम्ही वळायचो, तिथून जरा आत गेलं की एका जुन्या समुद्री लढाईची चित्रं दगडात कोरलेली आहेत. तेव्हा मला आली ती लाज तुम्हाला यायला नको, म्हणून आजचा हा दिवस. चला, मामाला बोरीवली दाखवू या. एका छोट्या शहरात आपण परके पाहुणे म्हणून उतरलोय, असं समजून.

पहिलं काम म्हणजे गाडी कुठे उभी करायची ते ठरवणं. एवढं धूड बोरीवलीच्या गल्ल्यांतून नेणं म्हणजे सुईच्या नेढ्यातून दोरखंड ओवणं. सोसायटीचे सेक्रेटरी नाक मुरडत का होईना, दिवसभरासाठी मागची मोकळी जागा देतात असं धरू. घराला तिथेच विश्रांती. आपण रिक्षा, मेट्रो आणि आपले दोन पाय यांच्या भरवशावर निघू.

निघता निघता गावाच्या नावाची गोष्ट सांगून टाका. इथे पूर्वी बोरांची झाडं फार, म्हणून बोरीवली, असं जुनी माणसं सांगतात. १८६७ सालच्या एप्रिल महिन्यात विरारहून मुंबईच्या बॅकबेपर्यंत रोज एक आगगाडी सुरू झाली, तेव्हा तिच्या थांब्यांच्या यादीत आपलं स्टेशन होतंच. इंग्रजांनी त्याचं नाव लिहिलं होतं ‘बेरेवला’! आणि अंधेरीचं केलं होतं ‘अंदारू’. मामेबहिणीला हे भलतंच आवडेल. दिवसभर ती ‘बेरेवला, बेरेवला’ करत फिरेल.

सकाळी सर्वांत आधी कान्हेरी. (पालकांसाठी सूचना: सोमवारी राष्ट्रीय उद्यान बंद असतं. दारापर्यंत जाऊन परत आलेली कुटुंबं मी पाहिली आहेत.) हमरस्त्याला लागूनच उद्यानाचं मोठं प्रवेशद्वार आहे. तिथून लेणी सहा-सात किलोमीटर आत. संजय गांधी राष्ट्रीय उद्यान सुमारे १०४ चौरस किलोमीटरचं आहे. एवढ्या मोठ्या महानगराच्या कुशीत बिबटे हिंडतात असं जंगल! इथले तलावसुद्धा शोभेचे नाहीत. विहार तलाव १८६० सालचा, तुळशी १८७९ सालचा. मुंबईला आजही त्यांचं पाणी मिळतं. तुळशीकडून निघालेली दहिसर नदी आपल्याच भागातून वाहत खाडीला मिळते. वर जंगलात ती स्वच्छ खळाळते. खाली वस्तीत आली, की तिला लोक नाला म्हणू लागतात.

आता लेणी. मामाला एक गंमत करायला सांगा. सकाळी आपण त्याच्या गाडीत काय काय पाहिलं ते आठवायचं, आणि एकेक वस्तू डोंगरात शोधायची.

झोपायला जागा? कान्हेरीत शंभराहून जास्त लेणी आहेत. त्यांतली बरीचशी छोटी छोटी घरंच आहेत. पुढे अंगण, मग ओसरी, मग खोली, आणि खोलीत भिंतीलगत दगडाचा ओटा. तो पलंग! अंगणात बसायला बाकडं, तेही डोंगरातच कोरलेलं. पाण्याची टाकी? बहुतेक लेण्यांच्या दाराशी खडकात खोदलेलं टाकं आहे. डोंगरावरून येणारं पावसाचं पाणी बारीक पन्हळीतून तिथे आणून सोडलंय. सांडपाणी बाहेर काढायलाही चर आहेत. आणि ते दाराबाहेरचं कापडी छप्पर? जरा वर पाहा. काही लेण्यांच्या पुढच्या खडकात ओळीने खोबण्या दिसतात. त्यांत लाकडं बसवून मांडव घालत असणार. शेगडी तेवढी सापडायची नाही. भिक्खूंचं जेवण भिक्षेवर असे.

गंमत अशी, की ही घरं खोदली तीही फिरस्त्यांसाठीच. बौद्ध भिक्खूंनी एका जागी ठाण मांडून बसायचं नाही, गावोगाव हिंडायचं, असा नियम होता. पण पावसाळ्यात वाटा बुडायच्या आणि पायाखाली किडामुंगी चिरडायची, म्हणून ते काही महिने त्यांनी एके ठिकाणी राहायचं. त्याला वर्षावास म्हणतात. कोकणातला पाऊस तुम्हाला माहीतच आहे! छत गळणार नाही असं घर हवं, तर डोंगरातच खोदायला हवं. इ. स. पूर्व पहिल्या शतकाच्या सुमारास हे काम सुरू झालं आणि जवळजवळ हजार वर्षं चालू राहिलं. डोंगराचा दगड काळसर, म्हणून तो कृष्णगिरी. त्याचंच बोलीत झालं कान्हेरी.

या घरांचा खर्च कोणी केला? तेही भिंतींवर लिहून ठेवलंय. ओसरीच्या भिंती नीट पाहा. ब्राह्मी लिपीतली अक्षरं दिसतील. कल्याणचा अमका व्यापारी, सोपाऱ्याचा तमका, नाशिकचा कुणी, चौलचा कुणी. कुणी लेणं दिलं, कुणी टाकं दिलं. त्या प्राकृत भाषेत लेण्याला ‘लेण’च म्हटलंय आणि टाक्याला ‘पोढी’. म्हणजे आपण ‘लेणं’ म्हणतो तो शब्द त्या भिंतीवर दोन हजार वर्षांपासून आहे. एका लेखात मंगलस्थान नावाच्या गावातलं शेत दान दिल्याचा उल्लेख आहे. अभ्यासक म्हणतात, हे मंगलस्थान म्हणजे आपलं मागाठाणे! हो, तेच. बसडेपोचं मागाठाणे, मेट्रो स्टेशनचं मागाठाणे. तुमच्या वर्गातला जो मुलगा मागाठाण्याहून येतो, त्याला उद्या हे सांगा. त्याची कॉलर ताठ होईल.

तीन नंबरचं लेणं म्हणजे मोठं चैत्यगृह. दोन व्यापारी भावांनी सातवाहन राजा यज्ञश्री सातकर्णीच्या काळात त्याचं काम करवलं. ओसरीच्या दोन टोकांना बुद्धाच्या सुमारे सात मीटर उंचीच्या दोन मूर्ती आहेत. त्या नंतरच्या काळातल्या. त्यांच्या पायाशी उभं राहून वर पाहिलं, की मान दुखते. सगळे तिथेच फोटो काढतात आणि तिथूनच परत फिरतात. तुम्ही मात्र परतू नका. मामा धापा टाकू लागला तरी त्याला वर घेऊन जा. पायऱ्या खडकातच खोदलेल्या आहेत. आपल्याला नव्वद नंबरचं लेणं गाठायचंय.

तिथल्या भिंतीवर अवलोकितेश्वराची उभी मूर्ती आहे. दोन्ही बाजूंना छोट्या छोट्या चौकटी, आणि प्रत्येक चौकटीत संकटात सापडलेली माणसं. कुणावर हत्ती चालून आलाय, कुणावर सिंह, कुठे साप, कुठे आग, आणि एका चौकटीत चक्क बुडतं जहाज! जुन्या काळी प्रवासाला निघायचं म्हणजे हे सगळं गृहीत धरूनच. ‘पोचल्यावर फोन कर’ म्हणायची सोय नव्हती. म्हणून व्यापारी आणि खलाशी या देवाचा धावा करून निघत. मामीने गाडीत पुढे गणपती ठेवलाय ना, तसंच.

याच लेण्यात वेगळीच अक्षरं कोरलेली आहेत. उभी, खाली उतरत जाणारी. ही लिपी पहलवी, म्हणजे जुन्या इराणची. इथे आलेल्या पारशी मंडळींनी आपली नावं कोरली आणि खाली तारखाही घातल्या. त्यांचा हिशेब लावला तर एक भेट आहे इ. स. १००९ च्या ऑक्टोबरातली, दुसरी त्याच वर्षीच्या नोव्हेंबरातली आणि तिसरी १०२१ च्या ऑक्टोबरातली. पाऊस सरला, डोंगर हिरवागार आहे, हवा छान आहे, चला कान्हेरी पाहून येऊ! हजार वर्षांपूर्वीची दिवाळीची सुट्टीच म्हणा की! हा लेख वाचणाऱ्या तुमच्याइतकीच ती हौशी माणसं. फरक एवढाच, की त्यांची हजेरी अजून लागलेली आहे.

इथे मामेबहीण हटकून विचारणार, ‘मग आपणही लिहू या ना नाव! त्यांनी लिहिलेलं चालतं, तर आपलं का नाही?’

प्रश्न बरोबर आहे. ‘तसं करू नये’ एवढंच सांगून तो उडवून लावू नका. खरं सांगायचं तर त्या पारशी पाहुण्यांना कोणी परवानगी दिली होती की नाही, कोण जाणे. पण त्या वेळी ही भिंत वापरातली होती. आज ती एकुलती एक उरली आहे. आपण तिच्यावर खिळ्याने ‘पिंकी’ लिहिलं, तर पिंकीखाली दुसरं कुणाचं तरी अक्षर कायमचं जातं. १९५८ च्या कायद्याने तो गुन्हाही आहे. नाव लिहायची हौस असेल तर वही आहे की! मामेबहीण वही काढते आणि पहिल्या पानावर लिहिते: ‘कान्हेरी. नावं सापडली. दान देणाऱ्यांची, पाहायला येणाऱ्यांचीही.’ ही वही नीट जपा. संध्याकाळी लागणार आहे.

माकडांना चिवडा न देता (ती मागतील, हिसकावतीलही, देऊ नका) खाली उतरा. दुपारी उद्यानाबाहेर कुठेतरी पोटपूजा करा आणि मेट्रोत बसा. हमरस्त्यावरच ‘राष्ट्रीय उद्यान’ नावाचं स्टेशन आहे. आपल्याकडे ही मेट्रो २ एप्रिल २०२२ पासून धावू लागली. तिच्या स्टेशनांची नावं मोठ्याने वाचा. राष्ट्रीय उद्यान, ओवरीपाडा, दहिसर. तिथून मार्गिका बदलते आणि गाडी रेल्वेचे रूळ ओलांडून पश्चिमेला उतरते. आनंदनगर, कांदरपाडा, मंडपेश्वर, एक्सर. ज्याला आपण ‘काहीच नाही’ म्हणत होतो, त्या बोरीवलीचा इतिहास रोज लाउडस्पीकरवर पुकारला जातो. आपण मात्र तेव्हा मोबाइलमध्ये मान घालून बसलेले असतो.

मंडपेश्वरला उतरा. लेण्यापुढच्या मोकळ्या जागेत क्रिकेट चाललेलं असेल. चेंडू चुकवत आत शिरा. हे शिवाचं लेणं आहे, सहाव्या शतकातलं. आत नटराजाची मोठी मूर्ती आहे आणि शिवपार्वतीच्या लग्नाचं शिल्प आहे. बरंच झिजलेलं, फुटलेलं आहे. डोळे अंधाराला सरावले की हात, पाय आणि वाद्यं दिसू लागतात. घाई करू नका.

बाहेर आलात की डोंगराच्या माथ्यावर पडक्या भिंती दिसतील. छप्पर नाही, नुसत्या कमानी. हे काय? १५३४ साली गुजरातच्या सुलतानाने वसई आणि आसपासचा मुलूख पोर्तुगीजांना दिला. त्यात साष्टी बेटही गेलं. साष्टी म्हणजे सहासष्ट गावं. आपलं बोरीवली त्या बेटावर आहे. मग पोर्तुगीज पाद्री आले, त्यांनी या लेण्याचंच चर्च केलं आणि वर मठ बांधला. लेण्याच्या एका भिंतीवर त्या वेळी कोरलेला मोठा क्रूस आजही आहे. १७३७ मध्ये मराठ्यांनी साष्टी घेतली, १७३९ मध्ये वसई पडली, आणि लेणं पुन्हा शिवाचं झालं. आजही आत महादेवाची पूजा होते. जवळच इमॅक्युलेट कन्सेप्शन चर्च आहे. त्या नावाची आद्याक्षरं म्हणजेच आपली आय. सी. कॉलनी! एकाच डोंगराला दोन धर्मांनी आपलं घर मानलं. भांडणं झाली, मालक बदलले, दगड झिजले, आणि आता पुढच्या मैदानात दोन्हीकडची पोरं एकाच टीममध्ये खेळतात.

वहीत लिहा: ‘मंडपेश्वर. देवांची नावं कळली. कोरणाऱ्यांची नाहीत.’

‘पॅगोडा कधी बघायचा?’ बाबा विचारतील. खरं तर त्याला वेगळा दिवस हवा. गोराईच्या खाडीवरून लाँचने पलीकडे जायचं. २००९ साली सुरू झालेल्या त्या भल्यामोठ्या घुमटाखाली आठ हजार माणसं ध्यानाला बसू शकतात, आणि मधे एकही खांब नाही. दगड एकमेकांत अडकवून तो तोललेला आहे. पण मामा, तुझं घर काही त्या लाँचमध्ये मावायचं नाही हं! गाडी न्यायची तर भाईंदर-उत्तनवरून मोठा वळसा. आज आपण फक्त ती खाडी लक्षात ठेवू. तिच्यावरून समुद्राकडे जाता येतं, एवढंच. कारण आता जे पाहायचंय त्यात जहाजं आहेत.

एक्सर. मेट्रोने एकच स्टेशन. उतरल्यावर ‘वीरगळ कुठे आहेत?’ असं विचारलंत, तर बरेच जण खांदे उडवतील. मग ‘जुने कोरीव दगड’ म्हणून विचारा. एखाद्या आजींना विचारा. जुन्या एक्सर गावातली माणसं सांगतील.

वीरगळ म्हणजे लढाईत मेलेल्या वीराचं स्मारक. कानडीत ‘कल्लु’ म्हणजे दगड. त्यावरून ‘वीरकल्लु’, आणि आपल्याकडे वीरगळ. तुमच्या गावी देवळाबाहेर असा एखादा दगड नक्की असेल. शेंदूर फासलेला, त्यावर ढाल-तलवार घेतलेली माणसं. पण एक्सरचे दगड निराळे. १८८२ सालच्या ठाणे जिल्ह्याच्या गॅझेटियरमध्ये असे सहा दगड नोंदलेले आहेत. एकेक दगड भलताच उंच, मोठ्ठे तर दहा फुटांच्या आसपास.

ते वाचायचे कसे ते आधी समजून घ्या, नाहीतर सगळा घोटाळा होतो. आपण चित्रकथा वरून खाली वाचतो. वीरगळ वाचायचा खालून वर! सगळ्यांत खालच्या पट्टीत लढाई. त्याच्या वरच्या पट्ट्यांमध्ये मेलेल्या वीराला अप्सरा स्वर्गात नेतात. त्याच्याही वर तो शिवलिंगापाशी बसलेला. आणि टोकाला कलश.

आता खाली बसा. अगदी उकिडवे बसा, मामालाही बसवा. खालच्या पट्टीत घोडे-हत्ती शोधत असाल, तर काही दगडांवर ते सापडतीलही. बाकीच्या दगडांवर पाहा. जहाजं! एकामागून एक निघालेली, नाळ उंच वळवलेली, डोलकाठी उभी, बाजूने वल्ह्यांची रांग. वर धनुष्यबाण घेतलेले सैनिक. पुढे जहाज जहाजाला भिडलंय आणि माणसं पाण्यात पडतायत. आपल्याकडे जमिनीवरच्या लढाईचे वीरगळ शेकड्यांनी आहेत. समुद्रावरच्या लढाईचे इतके तपशीलवार दगड मात्र फार दुर्मीळ. शिडं, वल्ही, नाळ कशी होती, हे पाहायला जहाजांचा अभ्यास करणारी माणसं लांबून इथे येतात. आणि आपण? आपण शेजारून रिक्षाने जातो.

ही कोणती लढाई? अनेक अभ्यासक असं सांगतात. तेराव्या शतकात उत्तर कोकणावर शिलाहारांचं राज्य होतं. शेवटचा राजा सोमेश्वर. देवगिरीचा यादव राजा महादेव त्याच्यावर चालून आला. जमिनीवर हरल्यावर सोमेश्वराने जहाजं घेऊन समुद्र गाठला. यादवांनी तिथेही पाठलाग केला आणि साधारण १२६५ च्या सुमारास सोमेश्वर समुद्रातच बुडून मेला. हेमाद्री, म्हणजे आपल्याला हेमाडपंती देवळांमुळे ठाऊक असलेला यादवांचा मंत्री. त्याने या विजयाचं वर्णन करताना म्हटलंय, की महादेवाच्या रागापेक्षा सोमेश्वराला समुद्राच्या पोटातली आग परवडली. जिंकणाऱ्याचा मंत्री, तो असंच लिहिणार! काही अभ्यासकांना हे दगड आणखी जुने वाटतात. लढाई कोणतीही असो, माणसं खरीच मेली होती. त्यांच्या मागे राहिलेल्यांनी एवढे मोठे दगड घडवून उभे केले होते.

मामेबहीण आता दगडाच्या कडेकडेने बोट फिरवतेय. (हात लावू नको म्हणा. नुसतं बघ.) ती अक्षरं शोधतेय. सकाळी तिला कळलंय ना, की लोक दगडावर नाव लिहितात! टाकं खोदायला पैसे देणाऱ्याने लिहिलं. डोंगर बघायला आलेल्या पाहुण्याने लिहिलं, वर तारीखही घातली. मग जहाजातून पडून मेलेल्याचं नाव कुठे आहे?

तिला ते सापडणार नाही. आज वाचता येईल असं एकही नाव त्या दगडांवर नाही. त्या खालच्या पट्टीतल्या वल्हेकऱ्यांत कोण होते? याच खाडीकाठचे कोळी असतील का? त्यांची घरं कुठे होती? एक्सरला, गोराईला, की आणखी कुठे? मामा तुम्हाला विचारणार, कारण गावचे तुम्ही आहात. ‘माहीत नाही’ म्हणायला लाजू नका. मलाही माहीत नाही. पण दगड कुठे आहेत ते आता तुम्हाला माहीत आहे. ‘आमच्याकडे काही नाही’ म्हणणाऱ्या आपल्यासारख्यांच्या डोळ्यांदेखत, बांधकामांच्या आणि पार्किंगच्या गर्दीत ते उभे आहेत. पावसाने झिजतायत. वल्ही मोजायची असतील तर लवकर जा. संध्याकाळचं तिरपं ऊन चांगलं. सावल्या पडतात आणि नक्षी उठून दिसते. कागदावर पेन्सिलने एकेक जहाज उतरवून घ्या. प्रत्येकाची वल्ही वेगवेगळी मोजा, आणि ताई-दादांशी आकडा जुळतो का पाहा. आमचा पहिल्यांदा जुळला नव्हता. दुसऱ्यांदाही नाही.

अंधार पडायच्या आत घरी परता. आई मामाच्या पाण्याच्या टाकीत नळी सोडते. टाकी भरते आणि त्या पाण्याचा काही घोटांचा हिस्सा तुळशी-विहारचाही असू शकतो, असं तुम्ही ऐटीत सांगता. सेक्रेटरीकाका शिट्टी वाजवत गाडी मागे घ्यायला मदत करतात. सकाळचं नाक मुरडणं ते विसरलेत, कारण आत जाऊन पलंग उलगडून पाहायला मिळालाय. मामी चिवड्याची उरलेली पिशवी तुमच्या हातात कोंबते. मामा म्हणतो, ‘पुढच्या वेळी दोन दिवस ठेवतो रे, गोराई राहिली.’

मामेबहीण खिडकीत बसून वही पुरी करतेय. कान्हेरीपुढे तिने दोन ओळी लिहिल्यात, मंडपेश्वरपुढे एक. एक्सरपुढे नावाची जागा तिने कोरी सोडलीय, आणि खाली एक जहाज काढलंय. वल्ही नऊ. ‘बरोबर आहे ना?’ ती खिडकीतून ओरडून विचारते. गाडी कोपऱ्यावर वळते. उद्या शाळा सुटली, की जाऊन मोजायला हवीत.